तुटक्या जाळ्यातला डोळा

मासुए दुकानातच खाली बसली. खुर्चीवर नव्हे, जमिनीवर. नागोयाच्या त्या भल्यामोठ्या दुकानात, किमोनोच्या विभागात, जिथे विकणाऱ्या पोरीसुद्धा पाय न वाजवता चालतात, तिथे ही बया फतकल मारून बसली. मला वाटलं, घेरी आली. "अगं बाई, काय झालं? पाणी आणू का?" म्हणून मी वाकले, तर हिच्या मांडीवर निळ्या कापडाचा तागा आणि बोट त्या कापडावर रोवलेलं.

"इकुनो," ती म्हणाली, "हे कुणाच्या हातचं आहे, सांग."

आता हे मला विचारायचं म्हणजे कोळणीला मासा ओळखायला सांगण्यासारखं. माझा जन्म गेला आरिमात्सूच्या घराघरांतून कापड फिरवण्यात. सायकलवर कोरं कापड लादून न्यायचं, बायकांनी धाग्यानं बांधून दिलेलं उचलायचं, रंगाऱ्याकडे टाकायचं. बांधलेली जागा पांढरी राहते, तीच नक्षी. आमच्याकडे एक बाई एकच नक्षी बांधते, आईनं शिकवलेली. पाडसाचे ठिपके बांधणारी मरेपर्यंत ठिपकेच बांधणार, वाळुंजाच्या फांद्या बांधणारी फांद्याच. त्यामुळे नक्षीचं नाव घेतलं की घराचं नाव आपसूक येतं. आणि मी तर त्याच्याही पुढची. धागा कुठे सैल पडलाय ते बघून मी सांगते, त्या दिवशी बाईचं सासूशी वाजलं होतं की नाही.

मी कापड हातात घेतलं. कोळी किड्याचं जाळं. मधून निघालेल्या पांढऱ्या रेघा आणि त्यांच्याभोवती कडी. अशी जाळी बांधणारी घरं गावात पुष्कळ आहेत. पण या जाळ्यात मधलं एक कडं गायब होतं, तिथे नुसती निळी पट्टी. एका जाळ्यात नव्हे, सगळ्या ताग्यात, जिथे बघावं तिथे.

याला आम्ही तुटकं जाळं म्हणतो आणि ते जगात एकाच घरी बांधतात. मासुएच्या आजीच्या बोटाचं पेर भात झोडपायच्या यंत्रात गेलं होतं. त्या वळणावर तिला धागा धरता यायचा नाही, म्हणून ती एक वेढा सोडून द्यायची. तिनं तसंच लेकीला शिकवलं, लेकीनं मासुएला. म्हातारीचा नाइलाज होता, पुढच्यांनी त्याचा धर्म करून टाकला. दहाही बोटं धडधाकट असलेल्या बायका तो वेढा मुद्दाम सोडतात!

"तुझंच की," मी म्हणाले. "तुझं नाहीतर कायोचं. तुम्हा मायलेकींशिवाय हे येतं कुणाला?"

"हे मी बांधलेलं नाही."

मी ताग्याच्या टोकाला लावलेली चिठ्ठी उलटली. छापलेलं होतं, कोरियात तयार केलेलं.

मी तीनदा वाचलं. विकणारी पोरगी जवळ येऊन गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, हल्ली तिकडचं कामही फार सुरेख असतं." तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली मला. तिचा बिचारीचा काय दोष, पण वाटली.

त्या वर्षी आमच्या गावात हाच जाळ पेटलेला होता. व्यापारी आमचं काम कोरियाला पाठवत होते. तिकडच्या बायका थोडक्या पैशांत बांधून द्यायच्या, आणि आमच्या बायका दारात बसून माझ्या सायकलची वाट बघायच्या. आणि सगळ्यात जास्त माल कोण पाठवायचं? एइसाकुचं घर. एइसाकु म्हणजे मासुएचा जावई, कायोचा नवरा.

मासुए एवढंच बोलली, "कायो."

खरं तर आम्ही तिथे गेलो होतो कायोसाठीच. पोरीला पाचवा महिना लागला होता. कुत्रीचं बाळंतपण सोपं होतं म्हणून आमच्यात पाचव्या महिन्यात, दर बारा दिवसांनी येणारा कुत्र्याचा वार बघून पोटाला पांढरा पट्टा बांधतात, आणि तो माहेरून, आईच्या हातून यावा लागतो. कायोचं आधीचं मूल पोटातच गेलं होतं. म्हणून यावेळी मासुएनं देवळात पट्ट्यावर मंत्र घालून घ्यायचं ठरवलं होतं, कापड उत्तम हवं म्हणून एवढ्या लांब आली होती. पट्टा घेऊन झाला होता. घरी जाताना सहज त्या निळ्या ताग्याकडे नजर गेली आणि हे सगळं झालं.

तो निळा तागा तिनं विकत घेतला, आणि आगगाडीत पट्ट्याची पुडी माझ्या मांडीवर ठेवली. "हा तू ठेव. मला त्याला हात लावायचा नाही."

"वेडी आहेस का? पोटात वाढणाऱ्या जिवाचा काय संबंध?"

ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. मासुए म्हणजे मुळातच अबोल. अर्धा जन्म दातात धागा धरून गेलेला, पुढच्या दातांना खाच पडलेली. मी तासभर बडबडावं आणि तिनं शेवटी "हं" म्हणावं, अशी आमची मैत्री.

घरी न जाता ती थेट लेकीच्या दारात. कायो वांग्याचं लोणचं चिरत होती. आईला बघून तिचा चेहरा फुलला. "अगं, आलीस! मावशी, तुम्ही पण? बसा, चहा टाकते."

मासुएनं तागा तिच्या पुढ्यात टाकला. "कितीला विकलंस?"

"काय?"

"तुझ्या पणजीचं बोट. कितीला विकलंस?"

कायोनं कापड उलगडलं आणि तिच्या हातातली सुरी खाली पडली. खोटं बोलणारं माणूस इतकं पांढरं पडत नाही, मी तेव्हाच ओळखलं होतं. पण माझं ऐकतंय कोण?

"आई, मी नाही. शप्पथ घेते. या घरात आल्यापासून मी कुणासमोर जाळं बांधायलासुद्धा बसलेले नाही."

"आपण दोघीच. तिसरं कुणी नाही. मी शिकवलेलं नाही. मग राहिलं कोण?"

"तुला मी चोर वाटते?"

"मला तू माझी वाटत नाहीस," मासुए म्हणाली, आणि चपला घालून निघालीसुद्धा.

मी दारात उभी, काखेत पट्ट्याची पुडी, आणि काय बोलावं ते सुचेना. मला! ज्या इकुनोच्या तोंडाला गावात कुणी लागत नाही, तिला!

मग एकेक कुत्र्याचा वार यायचा नि जायचा. कायोचं पोट दिसायला लागलं. तिची सासू भली बाई, म्हणाली आम्ही बांधतो पट्टा, तर कायो म्हणाली, "आईनं बांधला तर बांधीन, नाहीतर तसंच होऊ दे." आई तशी लेक. मी रोज मासुएकडे जाऊन तिचं डोकं खायची. "अगं, मागच्या वेळचं आठव. पोरीला काही झालं तर कुठे तोंड लपवशील?" मासुए आकड्यात कापड अडकवून धागा गुंडाळत राहायची.

तिच्या घरी देव्हाऱ्यात पूर्वजांसमोर रोज चहाचे पेले ठेवले जात. नवऱ्याचा, आईचा, आजीचा. आणि एक छोटा, कडेला टवका उडालेला, तो कुणाचा ते कुणालाच माहीत नव्हतं. मला वाटायचं, हिचंही एखादं मूल गेलेलं असणार, म्हणून मी कधी विचारलं नव्हतं. एवढी एक गोष्ट मी आयुष्यात विचारली नसेल.

मग एका कुत्र्याच्या वारी सकाळीच कायो स्वतः येऊन उभी राहिली. घामाघूम, हातात तोच तागा. मी तिथेच होते, तयार काम न्यायला आले होते.

"मावशी, तुम्ही थांबा," ती म्हणाली. "साक्षीला कुणीतरी पाहिजे." आणि आईसमोर बसून तिनं कापड अंथरलं. "हे जाळं बघ."

"बघितलंय."

"नाही बघितलेलं. तू नुसतं तुटलेलं कडं बघितलंस नि माझ्या अंगावर आलीस. मी रात्रंदिवस हेच बघत बसले आहे. मध्यभागी बघ. हा पांढरा ठिपका काय आहे?"

मी वाकून बघितलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रत्येक जाळ्याच्या अगदी मधोमध मोहरीएवढा पांढरा डोळा होता. धागा सुरू करताना टोकाला एक वेढा जास्त दिला की तिथे रंग शिरत नाही, आणि असा डोळा राहतो. गावभर फुशारक्या मारणारी मी, माझ्या नजरेतून हे सुटलंच कसं?

"माझ्या कामात डोळा आहे?" कायो म्हणाली. "मी लहान असताना एकदा टोकाला दोन वेढे दिले तर तू हातावर पट्टी मारली होतीस. आठवतंय? मी शिकवलं असतं तर त्या बायका माझ्यासारखं बांधतील ना? ही खोड माझी नाही, आई. ज्या कुणाकडून त्या शिकल्या, त्या बाईची ही खोड आहे."

मासुएनं कापड उचललं. डोळ्यांजवळ नेलं. आणि तिच्या घशातून असा काही आवाज आला की मी दचकून मागे सरले. मी धरायला गेले तर मला झिडकारलं.

"तिरळा कोळी," ती म्हणाली.

"काय?"

"आई म्हणायची. मला. लहानपणी धागा सुटेल म्हणून मी टोकाला दोन वेढे द्यायची. आईनं मारून मारून सोडवलं. पण ते लढाईनंतर. लढाईत मी असंच बांधायची. डोळा ठेवून."



"म्हणजे हे तुझं आहे?" मी विचारलं.

"माझं नाही. हारुएचं आहे," मासुए म्हणाली. "पण हारुए तर मेली."

आणि मग जन्मभर "हं" म्हणणारी ती बाई बोलायला लागली. महायुद्धाच्या लढाईत आम्हा सगळ्यांनाच कारखान्यांत जुंपलं होतं. मासुए विमानांचे सुटे भाग घासायच्या कामाला होती. तिच्याच बाकावर, तेव्हा जपानच्या ताब्यात असलेल्या कोरियातून आणलेली एक पोर बसायची, जेमतेम तेरा-चौदाची. हीच हारुए. शाळेत शिकवू, पोटभर जेवू घालू, असं सांगून आणलेली. शाळा नव्हतीच, आणि जेवण म्हणजे रताळं नि गरम पाणी. पोर सारखी रडायची आणि रडली की मुकादम मारायचा. पोरीचे हात गुंतलेले राहावेत म्हणून मासुएनं जेवणाच्या सुट्टीत पुसायच्या चिंध्या घेऊन तिला तुटकं जाळं बांधायला शिकवलं. घरची विद्या बाहेर द्यायची नाही अशी आईपाशी शप्पथ घेतलेली, तरी शिकवलं.

"पोरीची बोटं काय होती म्हणून सांगू," मासुए म्हणाली. "माझ्याहून चांगली. मी डोळा ठेवायची, तर तीही ठेवायची. मला ताई म्हणायची."

मग हिवाळ्यात भर दुपारी तो भूकंप झाला. त्या दिवशी कारखान्याची भिंत बसली, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. मासुए एका दारानं पळाली, पोर दुसऱ्या. त्या दुसऱ्या दारावरच विटा आल्या. मासुएनं ढिगाखालून बाहेर आलेला एक हात बघितला, मुठीत बांधलेली चिंधी. त्यानंतर तिला घरी पाठवलं. आईला सांगायची सोय नव्हती, कारण सांगायचं तर शप्पथ मोडल्याचंही सांगावं लागलं असतं. म्हणून तिनं आपल्या मनानंच देव्हाऱ्यात एक पेला वाढवला.

"तो पेला!" मी ओरडले. "टवक्याचा!"

मासुए माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. ती कापडावर हात फिरवत होती, आजाऱ्याच्या अंगावरून फिरवावा तसा. "मेलेलं माणूस कापड कसं बांधेल?" ती कायोला विचारत होती, लहान मुलासारखी. "कायो, मेलेलं माणूस बांधतं का गं? मी तो हात बघितला होता. मग तो हात कुणाचा होता?"

कुणाचा होता, ते आजपर्यंत कळलेलं नाही. चिंध्या सगळ्याच पोरींच्या हातात असायच्या.

कायो रडत होती. मी तर रडतच होते, उगाच खोटं कशाला बोला. तेवढ्यात मासुए सरकून लेकीच्या समोर आली, चटईवर दोन्ही हात टेकले आणि कपाळ हातांवर ठेवलं. आईनं, लेकीपुढे! असं आमच्या गल्लीत कुणी कधी बघितलेलं नाही.

"शप्पथ मी मोडली होती," ती खाली बघत म्हणाली, "आणि चोर तुला म्हणाले."

"ऊठ ना, आई! काय करतेस हे! मावशी, उठवा तिला!"

"मी नाही उठवणार," मी म्हणाले. "चांगलं पडू दे तिला. इतके दिवस माझा जीव खाल्लाय." पण म्हणता म्हणता मी कापडाच्या गाठोड्यात हात घातला होता. देवळात मंत्र मीच घालून आणला होता, आणि पट्टा त्या दिवसापासून माझ्याबरोबरच फिरत होता, न जाणो केव्हा लागेल म्हणून. मासुएनं तो लेकीच्या पोटाला बांधला. गाठ अशी बसली की बघत राहावं.

दुपारी एइसाकु आला. ऐकून तोही चाट पडला. म्हणाला, "आई, मी पुढच्या महिन्यात तिकडे जातोच आहे. ज्या गावात हे बांधतात तिथे आमचा माणूस आहे. विचारतो. नाव काय त्यांचं?"

"हारुए."

"ते तर कारखान्यानं ठेवलेलं जपानी नाव. तिकडे तसं कुणी ओळखणार नाही. खरं नाव?"

मासुएचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. ती कायोकडे बघायला लागली, मग माझ्याकडे, जणू मला ठाऊक असेल. सगळ्या नक्ष्यांची, सगळ्या घरांची नावं मला पाठ. पण हे कुठून सांगू? वर्षानुवर्षं रोज सकाळी जिच्यापुढे चहा ठेवला, तिचं नाव या बाईला माहीत नव्हतं. "मी कधी विचारलंच नाही," ती म्हणाली. इतकं लाजलेलं माणूस मी दुसरं बघितलेलं नाही.

शेवटी तिनं रुमालाएवढं पांढरं कापड घेतलं आणि एकच जाळं बांधलं, कडं सोडून, टोकाला दोन वेढे देऊन. जे आईनं मारून सोडवलं होतं ते बोटांनी बरोबर केलं. धागा कापला नाही, लोंबता ठेवला. "हे दाखव," एइसाकुला म्हणाली. "ती असेल तर तिला कळेल."

एइसाकु परतला तेव्हा ऐन उन्हाळा होता आणि कायोचे दिवस भरत आले होते. आम्ही तिघी मासुएकडे वाऱ्याला बसलो होतो. त्यानं खिशातून घडी काढली. आमचाच रुमाल. मासुएच्या जाळ्याशेजारी त्याच लोंबत्या धाग्यानं दुसरं जाळं बांधलेलं होतं. मी नुसतं बघून सांगितलं, दोन हात वेगळे, पण शाळा एक.

"भेटल्या?" कायोनं विचारलं.

"भेटल्या. सगळ्या गावाला त्यांनीच शिकवलंय. रुमाल बघितला आणि भर अंगणात मटकन खाली बसल्या. मला वाटलं, घेरी आली."

मी मासुएकडे बघितलं. ती हलली नाही.

"त्यांचं नाव ओक-बुन," एइसाकु म्हणाला.

"ओकूबुन," मासुएनं म्हणून बघितलं.

"ओक-बुन."

"ओक-बुन," मासुए म्हणाली. मग परत एकदा, स्वतःशीच.

"त्यांनी मला तुमचं नाव विचारलं. त्यांनाही माहीत नव्हतं, नुसतं ताई एवढंच." एइसाकु जरा अडखळला. "आणि आई, त्या मला आत घेऊन गेल्या. एक वाटी दाखवली. भूकंपाच्या दिवशी त्या दरवर्षी तिच्यात पाणी भरून ठेवतात. तुमच्यासाठी. त्यांनी तुमच्या बाजूचं छप्पर पडताना बघितलं होतं. त्यांना वाटत होतं, तुम्ही गेलात."



"मी मेले म्हणून कुणी सांगितलं तिला?" मासुए एकदम कडाडली. खरोखरची चिडली होती! "इतकी वर्षं मला पाणी ठेवत होती? मला? चांगली जिवंत आहे मी!" आणि बोलता बोलता तिचं तिलाच कळलं असावं, कारण ती उठली, देव्हाऱ्यापाशी गेली, टवक्याचा तो पेला उचलला आणि तो दोन्ही हातांत धरून भिंतीकडे तोंड करून कितीतरी वेळ उभी राहिली.

मग मोरीत जाऊन तिनं तो घासून घासून धुतला आणि रोजच्या भांड्यांत नेऊन ठेवला. त्यातून हल्ली कायोची पोरगी दूध पिते.